दोन आयुक्त, एकच विभाग: पुण्याचं काम कोणतं, नवी मुंबईचं कोणतं?

मंत्रालयात महिला व बाल विकास विभाग एकच. मंत्री एक, सचिव एक. पण त्याखाली आयुक्त दोन. पुण्यात बसतात ते ‘आयुक्त, महिला व बाल विकास’, आणि नवी मुंबईत बसतात ते ‘आयुक्त, एकात्मिक बाल विकास सेवा योजना’. दोन्ही पाट्यांवर ‘बाल विकास’ असल्यामुळे बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो. अंगणवाडीतल्या आहाराची तक्रार पुण्याला आणि बालगृहाची तक्रार नवी मुंबईला, अशी उलटापालट सहज होते. मग अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ एका कार्यालयातून दुसऱ्याकडे जातो आणि अर्जदार वाट बघत बसतो.

फरक लक्षात ठेवायचा तर प्रत्येक आयुक्तालय मुलाबद्दल काय विचारतं ते पाहावं. नवी मुंबई विचारते: हे मूल जेवतंय का, वजन वाढतंय का? पुणे विचारतं: हे मूल कोणाच्या ताब्यात आहे, आणि तिथे ते सुरक्षित आहे का? पहिला प्रश्न सहा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला लागू आहे. दुसरा अठरा वर्षांपर्यंतच्या, पण ज्याचं घर कोलमडलंय किंवा जे कायद्याच्या कचाट्यात सापडलंय अशाच मुलाला. (सहा ते अठरा वयाच्या, घरी आईवडील असलेल्या साध्या गरीब मुलाचं काय? त्याचा आठवीपर्यंतचा दुपारचा खिचडी-भात शालेय शिक्षण विभागाकडे. या दोघांपैकी कोणाकडेच नाही.)

नवी मुंबईचा पसारा आधी पाहू, कारण तो डोळ्यांना दिसतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बाल विकास सेवा योजना, म्हणजे अंगणवाडीची योजना, सुरू झाली. त्यात मेळघाटातलं धारणी होतं. आज महाराष्ट्रात ५५३ प्रकल्प आहेत आणि अंगणवाड्या १ लाख १० हजारांहून जास्त. कागदावर सेवा सहा: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण, आणि पूर्वशालेय शिक्षण. यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा या तिन्हींसाठी लागणारी नर्स, डॉक्टर आणि लस आरोग्य विभागाची असते. म्हणजे कुपोषणाच्या बातमीवर उत्तर द्यायला आयुक्त उभे राहतात, पण निम्म्या सेवांची दोरी त्यांच्या हातात नसते.

जे हातात आहे ते मात्र अवाढव्य आहे. २०२३ मध्ये निकष सुधारण्याआधीचा हिशेब असा होता: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम. वर्षातले ३०० दिवस. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाचा शिधा घरी जातो, ज्याला सगळे ‘टीएचआर’ (टेक होम रेशन) म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्यांना अंगणवाडीतच गरम ताजा आहार. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर ही मेहेरबानी उरली नाही, हक्क झाला. त्यामुळे या आयुक्तांचा बराचसा दिवस निविदा, पुरवठा, वजनकाटे आणि ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदी यांत जातो.

दुसरी मोठी बाब माणसांची, किंवा खरं तर बायकांची. सेविका आणि मदतनीस यांना पगार नाही, मानधन मिळतं, आणि हा वाद कित्येक वर्षं मिटलेला नाही. निकृष्ट मोबाइलमध्ये इंग्रजी अ‍ॅप भरायला लावतात म्हणून २०२१ मध्ये सेविकांनी सरकारी फोन परत केले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. एवढी मोठी फौज संपावर गेली की गावोगावच्या अंगणवाड्यांना कुलूप लागतं आणि ते सगळ्यांना दिसतं. पुण्याच्या आयुक्तांवर असा प्रसंग येत नाही, कारण त्यांच्याकडे अशी फौजच नाही.

पुण्याकडे कायदा आहे. आणि हा प्रवाह अंगणवाडीपेक्षा पन्नास वर्षांनी जुना आहे. १९२४ साली बॉम्बे चिल्ड्रन अ‍ॅक्ट आला, १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचं निरीक्षणगृह आणि मानखुर्दचं बालगृह ही नावं मुंबईकरांना तिथूनच माहीत आहेत. आज या कामाचा पाया म्हणजे बाल न्याय अधिनियम २०१५. सोबत २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, त्यातले संरक्षण अधिकारी, महिला राज्यगृहं, दत्तक विधानाचा राज्यपातळीवरचा कारभार. बालगृह चालवायचं तर संस्थेला नोंदणी लागते. तपासणी, अनुदान, कर्मचारी, सगळं या यंत्रणेकडे.

तरीही मूल कुठे राहील हे पुण्याचे आयुक्त ठरवत नाहीत. रेल्वे फलाटावर सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती, अधिकार दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे. मुलाकडून गुन्हा घडला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवी सदस्य. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. आयुक्तांना समितीचा आदेश फिरवता येत नाही. बालगृहात काही विपरीत घडलं की जाब मात्र त्यांनाच द्यावा लागतो. माझ्या मते राज्यातल्या अवघड खुर्च्यांपैकी ही एक: निर्णय दुसऱ्याचा, जबाबदारी आपली.

बाल संगोपन योजनेतही हीच रीत. एक पालक गमावलेल्या किंवा पालक सांभाळू शकत नसलेल्या मुलाला संस्थेत न पाठवता नातेवाइकाकडे किंवा कुटुंबातच ठेवायचं आणि महिन्याला २,२५० रुपये द्यायचे, अशी ती आहे. पैसे महिला व बाल विकासचे, पण मूल पात्र आहे की नाही यावर शिक्कामोर्तब समितीचं. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली, तीही याच खिडकीतून.

जिल्ह्यात आलात की गोंधळ दुप्पट होतो. ‘जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी’ हे राज्य शासनाचे, पुण्याच्या साखळीतले. जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्याकडे. जिल्हा परिषदेतला ‘महिला व बालकल्याण विभाग’ वेगळा. तिथे उपमुख्य कार्यकारी अधिकारी असतात, शिवाय निवडून आलेले सभापती, आणि अंगणवाड्यांची सूत्रं तिथे. त्याखाली तालुक्यात बाल विकास प्रकल्प अधिकारी, मग पर्यवेक्षिका, मग सेविका. शहरात यातही फरक: नागरी प्रकल्पांच्या मधे जिल्हा परिषद नसते आणि महापालिकाही नसते. नगरसेवकाने अंगणवाडीतल्या बदलीसाठी कितीही शब्द टाकला तरी तो विषय त्याच्या महापालिकेच्या कक्षेत येत नाही.

योजनांनी भर घातली ती वेगळीच. ‘लेक लाडकी’त पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात, अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्जही सेविकांनी भरून दिले. तेव्हापासून महिला व बाल विकास म्हणजे अंगणवाडी, असं समीकरण घरोघरी पक्कं झालं. राज्य महिला आयोग आणि बाल हक्क संरक्षण आयोग यांनाही लोक याच माळेत ओवतात. आयोग चौकशी करतो, शिफारस करतो. अंगणवाडी किंवा बालगृह चालवणं हे त्याचं काम नाही.

गोव्यात हा प्रश्न येत नाही. पणजीला महिला व बाल विकास संचालनालय एकच आहे. अंगणवाड्याही त्यांच्या आणि मेरशीचं ‘अपना घर’ हे बालगृहही त्यांचंच. म्हणून अधूनमधून कोणी सुचवतं की महाराष्ट्रानेही एकच आयुक्त ठेवावा. मला ते पटत नाही. लाखभर अंगणवाड्यांच्या शिध्याची आणि मानधनाची फाइल समोर असताना बालगृहातल्या चाळीस मुलांची फाइल वर येणारच नाही. छोट्या राज्याला जे झेपतं ते इथे त्या चाळीस मुलांच्या अंगाशी येईल.

दोन्ही साखळ्या एकमेकींना खरोखर भेटतात त्या बालविवाहाच्या वेळी. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि त्यांच्या मदतीला अंगणवाडी सेविका. कोणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करतं. हळद लागलेली असते. पोलीस येतात, लग्न थांबतं, मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेतात, गरज पडली तर बालगृहात ठेवतात. इथपर्यंतचा बराच भाग पुण्याच्या यंत्रणेचा. मग आईवडील लेखी हमी देतात आणि मुलगी घरी परत येते. ती पुन्हा कुठे उजवली जात नाही ना, हे बघायला पुण्याच्या साखळीचा पगारी माणूस गावात नाही. त्यासाठी ग्राम बाल संरक्षण समिती आहे: अध्यक्ष सरपंच आणि सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. म्हणजे समिती पुण्याची, सचिव नवी मुंबईची. आणि लग्न कोणी मोडलं हे सगळ्या गावाला ठाऊक असताना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरातलं लहान भावंड वजनाला बोलवायचं असतं, ते तिलाच.