बाष्पाच्या वर नेलेली दुर्बीण

विल्यम हर्षेल यांनी १८०० मध्ये वर्णपटाच्या तांबड्या कडेपलीकडे तापमापक ठेवला आणि तेथेही पारा चढलेला पाहिला, तेव्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा शोध लागला. तारे जेथे जन्मतात त्या धुळीच्या ढगांतून असे प्रारण विपुल प्रमाणात बाहेर पडते. परंतु त्यातील दीर्घ तरंगलांबीचा भाग वातावरणातील बाष्प शोषून घेत असल्याने तो जमिनीवरील दुर्बिणींपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. सुदैवाने बाष्प मुख्यतः खालच्या थरांत असते आणि बारा-तेरा किलोमीटर उंचीवर त्याचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग खाली राहतो; म्हणून दुर्बीण विमानात बसवून तेथवर नेण्याची वाट खगोलशास्त्रज्ञांनी धरली.

खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी १९६० च्या दशकात कॉन्व्हेअर जेट विमानातून शुक्राचे वर्णपट घेतले, तर फ्रँक लो यांनी लिअरजेटमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बसवली. १९७४ पासून नासाच्या सी-१४१ विमानातून ९१ सेंटिमीटरची दुर्बीण उडू लागली आणि पुढे या वेधशाळेला कायपर यांचेच नाव मिळाले. गंमत अशी, की तिच्या सर्वांत गाजलेल्या शोधात बाष्पापेक्षा विमानाच्या फिरतेपणाचा वाटा मोठा होता. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, म्हणून विमान हिंदी महासागरावर नेण्यात आले. तारा झाकला जाण्यापूर्वी आणि पुन्हा दिसू लागल्यानंतर काही वेळा क्षणभर मंदावला, आणि त्यावरून युरेनसची कडी उघड झाली.

१९९५ मध्ये ती वेधशाळा थांबली. तिच्या जागी नासा आणि जर्मनीची अवकाशसंस्था यांनी मिळून 'सोफिया' उभी केली. एकेकाळी प्रवासी वाहतूक करणाऱ्या बोइंग ७४७ एसपी विमानाच्या कुशीत उड्डाणादरम्यान उघडणारा मोठा दरवाजा करून अडीच मीटरची दुर्बीण बसवणे अपेक्षेपेक्षा फारच लांबले आणि पहिली निरीक्षणे २०१० मध्ये झाली. अवकाशातील 'आयरास' दुर्बिणीचे काम १९८३ मध्ये तिला थंड ठेवणारे द्रवरूप हीलियम संपताच दहा महिन्यांत आटोपले होते. विमान मात्र सकाळी परत येई आणि त्यातील उपकरण सुधारता किंवा बदलता येई. विश्वातील पहिला रेणू मानला जाणारा हीलियम हायड्राइड एनजीसी ७०२७ या तेजोमेघात सापडला, तो अशाच सुधारित वर्णपटमापकामुळे. हा शोध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी चंद्राच्या सूर्यप्रकाशित भागात सोफियाला आढळलेल्या पाण्याच्या रेणूंची बातमी आली.

तरीही वर्षाला सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा खर्च वैज्ञानिक फलिताच्या मानाने जास्त ठरवण्यात आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सोफियाने शेवटचे निरीक्षण-उड्डाण केले. ते विमान आता ॲरिझोनातील पिमा संग्रहालयात आहे.