लँसेरिया ते माउन: भाड्याचं छोटं विमान स्वतः चालवत सीमा ओलांडायची तर काय काय लागतं

पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन, हातात आलं की पहिली दोन-तीन वर्षं माणूस बारामती, धुळे, शिरपूर एवढ्यातच फिरत राहतो. मग कधीतरी बोत्सवानातल्या ओकावांगोच्या पाणथळीवरून जाणाऱ्या सेसनाचा व्हिडिओ फोनवर येतो, खाली हत्तींचा कळप, आणि रात्रीची झोप जाते. हे आपल्याला जमेल का? जमेल. दक्षिण आफ्रिकेत विमान भाड्याने घ्यायचं, स्वतः चालवत बोत्सवानात न्यायचं आणि आठवड्याने परत आणून द्यायचं, हा तिथला रुळलेला प्रकार आहे. विमान चालवण्याचा भाग यात सगळ्यात सोपा. अर्जांचा क्रम चुकला तर मात्र सुट्टी लँसेरियाच्या कँटीनमध्ये बसून संपते.

उदाहरणासाठी एकच मार्ग धरतो: जोहान्सबर्गजवळचं लँसेरिया, तिथून बोत्सवानातलं फ्रान्सिसटाउन, मग माउन. देश बदलला की तपशील बदलतील, साखळी साधारण हीच राहते.

लायसन कुणाचं चालतं

१९४४ च्या शिकागो करारातलं ३२ वं कलम सांगतं की विमान ज्या देशात नोंदलेलं आहे, त्या देशाने तुमचं लायसन दिलेलं तरी हवं किंवा मान्य केलेलं तरी हवं. विमान कुठे उडतंय याने फरक पडत नाही, शेपटीवर काय लिहिलंय ते बघायचं. दक्षिण आफ्रिकेच्या विमानांवर ‘झेडएस’ असतं, आपल्याकडे ‘व्हीटी’. डीजीसीएचं, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, पीपीएल ‘व्हीटी’ला चालतं, अमेरिकेत काढलेलं एफएएचं लायसन तिथल्या ‘एन’ विमानांना चालतं. ‘झेडएस’साठी दोन्हींना दक्षिण आफ्रिकेच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडून, म्हणजे एसएसीएएकडून, व्हॅलिडेशन, म्हणजे मान्यता, घ्यावं लागतं.

यातली चांगली बातमी अशी की हे एकदा मिळालं की तेच ‘झेडएस’ विमान घेऊन बोत्सवानात शिरताना बोत्सवानाचं वेगळं व्हॅलिडेशन लागत नाही. दर देशाला नवा अर्ज करावा लागणार या भीतीने बरेच जण इथेच बेत सोडतात.

व्हॅलिडेशनच्या अर्जासोबत लायसन, चालू असलेलं मेडिकल, पासपोर्ट, लॉगबुकची पानं आणि इंग्रजी प्रावीण्याची नोंद द्यायची. प्रावीण्य आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या, मोजपट्टीवर किमान चौथ्या पातळीचं हवं. याशिवाय लायसन खरं आहे याची खातरजमा ते देणाऱ्या प्राधिकरणाकडून व्हावी लागते, आणि सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात. आपल्या बाबतीत ते पत्र डीजीसीएकडून जाणार, म्हणून ही विनंती तिकिटं काढण्याआधी करा. निघायला दोन-अडीच महिने असताना फाइल हलायला लागली तर जीव शांत राहतो. उरलेलं तिथे पोचल्यावर: हवाई कायद्याची लेखी परीक्षा आणि तिथल्या प्रशिक्षकासोबत किंवा परीक्षकासोबत एक उड्डाण. त्यासाठी सुट्टीतले दोन दिवस बाजूला ठेवा. दोन्ही गोष्टी एका दुपारी उरकतात असं कुणी सांगितलं, तरी दोनच ठेवा.

व्हॅलिडेशनची मुदत मूळ लायसनच्या मुदतीपलीकडे जात नाही. मेडिकल सहलीच्या मधल्याच दिवशी संपत असेल तर आधी ते नवं करून घ्या. प्रवासी बसवायचे असतील तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. या झाल्या सरकारी अटी. भाड्याने देणाऱ्याच्या आणि त्याच्या विमा कंपनीच्या अटी बहुतेक वेळा याहून कडक असतात. ते एकूण तास विचारतील, त्याच प्रकारच्या विमानावरचे तास विचारतील, मातीच्या धावपट्टीवर कधी उतरला आहात का तेही विचारतील. खोटं सांगू नका, चेक राइडला, म्हणजे चाचणीच्या उड्डाणात, दहा मिनिटांत कळतं.

पीपीएलवर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. मित्रांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि ‘सीट विकणं’ वेगळं. व्हॉट्सॲप ग्रुपवर दरपत्रक टाकण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

नावाची भानगड

हे कुठल्याही चेकलिस्टवर सापडत नाही आणि मराठी माणसाला हमखास नडतं. आपलं नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर पहिले दोन तुकडे एका रांगेत आणि आडनाव दुसऱ्या रांगेत, लायसनवर क्रम वेगळा, लॉगबुकवर वडिलांचं नाव गायब, मेडिकलवर नुसतं आद्याक्षर. बायकांच्या बाबतीत लग्नाआधीच्या नावाची भर. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे करून घ्या. डीजीसीएच्या नोंदीत फरक असेल तर व्हॅलिडेशनच्या अर्जाआधी तो दुरुस्त करा, नंतर दोन देशांत पत्रव्यवहार होत बसतो.

व्हिसा

दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. तुम्ही मुंबईहून जोहान्सबर्गला उतरता तो पहिला प्रवेश, माउनहून विमान परत आणता तो दुसरा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बोत्सवानात गेल्यावर परतीचं दार बंद, आणि विमान तर परत द्यायचंय. अर्जासोबतच्या पत्रात हवाई मार्गाचा टप्पेवार बेत लिहा, म्हणजे दोन प्रवेश का मागितलेत ते वाचणाऱ्याला कळेल. बोत्सवानाचा व्हिसाही भारतीय पासपोर्टवाल्यांनी भारतातून निघण्यापूर्वीच हातात घ्यावा. पासपोर्टमध्ये चार-पाच कोरी पानं ठेवा, प्रत्येक सीमेवर जाताना एक शिक्का आणि येताना एक.

मुलं बरोबर असतील तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला घ्या. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही. पीतज्वराची लस दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना एवढ्यापुरती लागत नाही, पण केनिया किंवा इथिओपियामार्गे जात असाल तर प्रश्न उभा राहतो, आणि परतताना भारतातच तो जास्त कडकपणे विचारला जातो. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. २०१६ पासून तो जन्मभर चालतो.

विमानाची कागदपत्रं

शिकागो कराराच्या २९ व्या कलमात यादी आहे: नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, चालकांची लायसन, विमानाचं जर्नी लॉगबुक, रेडिओ असेल तर त्याचा परवाना, प्रवासी असतील तर त्यांची नावं आणि ते कुठून कुठे चाललेत. भाड्याने देणारा एक फाइल हातात ठेवतो. ती तिथेच, त्याच्यासमोर, एकेक पान उलटून बघा. त्यात आणखी दोन गोष्टी असायला हव्यात. एक, हे विमान अमुक व्यक्ती अमुक तारखांना देशाबाहेर नेऊ शकते असं मालकाचं सहीचं पत्र. दुसरी, विम्याचा दाखला, ज्यात बोत्सवानाचं नाव छापलेलं आहे. ‘आफ्रिका’ एवढंच लिहिलं असेल तर नावानिशी लिहून मागा.

सीमा कुठे ओलांडायची

रेषा आकाशात कुठेही ओलांडा, पण निघायचं इमिग्रेशन-कस्टम्स असलेल्या विमानतळावरून आणि उतरायचंही तशाच विमानतळावर. लॉजची धावपट्टी वाटेतच आहे, तिथेच उतरू, कागदाचं उद्या बघू, हे चालत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला लँसेरिया किंवा पोलोक्वाने. बोत्सवानात फ्रान्सिसटाउन, माउन, कासाने, गाबोरोन.

लँसेरियाहून माउन सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर आहे. चार सीटच्या सेसना १७२ ला चार तासांच्या आसपास, म्हणजे इंधनाचा हिशोब फारच ताणलेला. फ्रान्सिसटाउनमार्गे पहिला टप्पा साधारण ५३० किलोमीटर, दुसरा ४४०. वळसा थोडा, पण पाय मोकळे होतात, शिक्का तिथे बसतो आणि दुसऱ्या टप्प्यात मकगाडीकगाडीची पांढरी मिठागरं खाली पसरलेली दिसतात. इंधनाचं मात्र प्रत्येक ठिकाणी आधी फोन करून विचारा. मोठ्या विमानांचं जेट फ्युएल सगळीकडे असतं, पिस्टन इंजिनला लागणारं अ‍ॅव्हगॅस नसतं.

सीमापार उड्डाणाला फ्लाइट प्लॅन भरावाच लागतो. दक्षिण आफ्रिकेत तो तिथलं हवाई वाहतूक नियंत्रण सांभाळणाऱ्या एटीएनएसच्या ऑनलाइन व्यवस्थेतून भरता येतो. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दोन्ही देशांचं घड्याळ त्याच्या दोन तास पुढे. १८ व्या रकान्यात पुढच्या देशाच्या हवाई क्षेत्रात किती वेळाने शिराल ते लिहायचं. आपल्या मार्गावर १७२ च्या वेगाने ते साधारण ‘ईईटी/एफबीजीआर०१२०’, म्हणजे एक तास वीस मिनिटांनी गाबोरोनचं क्षेत्र. १९ व्या रकान्यात इंधन किती तासांचं, माणसं किती आणि जगण्याचं सामान काय ते येतं. खाली कलहारीचा कोरडा भाग आहे, माणशी चार-पाच लिटर पाणी खरोखरच ठेवा. संकटात संदेश देणारा बीकन ४०६ मेगाहर्ट्झचा आहे ना, तेही बघा. जुन्या १२१.५ वर उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून लक्ष ठेवत नाहीत.

वाटेत दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रीय उद्यान लागलं तर तिथल्या जमिनीपासून २,५०० फुटांच्या खाली येऊ नका, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी.

काउंटरवर

निघण्याच्या दिवशीचा राजा कागद म्हणजे जनरल डिक्लरेशन, सगळे त्याला जेनडेक म्हणतात. विमानाची खूण, तारीख, कुठून कुठे, चालक, प्रवासी आणि खाली विमानात कुणी आजारी आहे का याची आरोग्यघोषणा. प्रती भरपूर काढा, इमिग्रेशन एक ठेवतं, कस्टम्स एक, तुमच्याकडे शिक्क्याची एक राहायला हवी. पुढच्या विमानतळावर तीच मागतात.

माझ्या पहिल्या खेपेला जेनडेकवर बायकोचं लग्नाआधीचं आडनाव गेलं होतं. चूक माझी, मीच मेसेजमध्ये तसं लिहून पाठवलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, ओळीखाली पट्टी धरली आणि अक्षर-अक्षर जुळवत आल्या. आडनावापाशी पट्टी थांबली. काही बोलल्या नाहीत, कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा पुढे सरकवला. प्रिंटरची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेलेला. पाच प्रती हाताने लिहिल्या, बायको शेजारी उभी राहून स्पेलिंग तपासत होती आणि बोलत काहीच नव्हती.

त्यात गेले चाळीस मिनिटं, आणि त्या मिनिटांची किंमत विमानाने मोजली. लँसेरिया समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फुटांवर. सकाळी १५ अंशांत तिथली हवा विमानाला ५,६०० फुटांवरच्यासारखी लागते, दुपारी ३० अंशांत ७,४०० फुटांवरच्यासारखी. हवा जितकी विरळ, तितकी उडायला धावपट्टी जास्त लागते. लँसेरियाची धावपट्टी तीन किलोमीटरची, तिथे निभावतं. पण ओकावांगो डेल्टातल्या लॉजच्या पट्ट्या हजार मीटरच्या आसपास, मातीच्या, आणि ऑक्टोबरात पारा चाळिशीजवळ. १७२ मध्ये टाकी पूर्ण भरली तर माणसं आणि सामान मिळून जेमतेम अडीचशे किलो उरतात. चार सीट म्हणजे चार मराठी माणसं आणि त्यांच्या बॅगा नव्हेत. तिघं जा, किंवा जास्त ताकदीचं सेसना १८२ घ्या. सकाळी आठच्या आत चाकं उचलायची तर कागद आदल्या संध्याकाळी भरून ठेवा.

फ्रान्सिसटाउनला उतरल्यावर आधी इमिग्रेशन, मग कस्टम्स, मग शुल्क. कच्चं मांस आणि दूध बोत्सवानात नेता येत नाही, गुरांच्या साथींमुळे ते त्याबाबत फार जागरूक असतात. आईने दिलेल्या डब्यात काय आहे ते विचारण्याआधीच सांगा. एकदा देशात शिरलात की माउनहून लॉजच्या पट्टीवर जाणं देशांतर्गत उड्डाण ठरतं, पण त्या पट्टीच्या मालकाची परवानगी आधी घेतलेली हवी.

तिथे टॉवर नसतो, म्हणून उतरल्यावर फ्लाइट प्लॅन तुम्हालाच फोनवरून बंद करावा लागतो, म्हणजे सुखरूप उतरल्याचं कळवावं लागतं. विसरलात तर शोधमोहीम सुरू होते आणि तुम्ही लॉजवर चहा पीत असता. फोनला रेंज नसेल तर लॉजच्या रेडिओवरून माउनला निरोप द्यायला सांगा, आणि तो पोचल्याचं उलट उत्तर आल्याशिवाय उठू नका.

परतताना हेच उलट्या क्रमाने: फ्रान्सिसटाउनला बाहेर पडण्याचा शिक्का, नवा जेनडेक, लँसेरियाला प्रवेश. लँडिंगच्या पावत्या फाइलमध्येच राहू द्या. हवाई मार्गाच्या वापराची बिलं विमानाच्या मालकाच्या नावाने नंतर कधीतरी येतात, आणि ती येईपर्यंत तो तुमच्या डिपॉझिटचा काही भाग अडकवून ठेवतो.