पाण्याविना पिकलेलं ताट: सांतोरिनीच्या खाणावळींची पार्श्वभूमी

ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावरून परतलेल्यांना ‘जेवलात कुठे?’ असं विचारलं की ठरावीक उत्तरं येतात. इया गावाखालच्या अमूदी बंदरातली मासळीची तावेर्ना (म्हणजे साधी खाणावळ), एक्सो गोनियातली चर्चला खेटून असलेली ‘मेताक्सी मास’, व्लिहादाच्या धक्क्यावरचं ‘तो प्साराकी’. फोटोत सूर्यास्त असतो, पण बोलण्यात येतो तो पिवळ्या डाळीचा गोळा आणि टोमॅटोची भजी. अथेन्सच्या हॉटेलांत मुसाका (वांगं नि खिम्याचे थर) आणि भाजलेलं मांस यांचा थाट, मग त्याच देशातल्या एका बेटावर डाळ-भज्यांचं एवढं कौतुक का, हा प्रश्न पडायला हवा.

उत्तर पाण्यात आहे, म्हणजे पाणी नसण्यात. सुमारे 3,600 वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकाने बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या जमिनीवर राख नि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचा जाड थर बसला. बेटावर नदी नाही. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, तोही मोजका. उन्हाळ्यात पिकं तगतात ती रात्रीच्या समुद्री दमटपणावर. सच्छिद्र माती तो शोषून घेते आणि मुळांना पुरवते. वारा इतका सोसाट्याचा की द्राक्षाचे वेल मांडवावर चढवायची सोयच नाही. ते जमिनीलगत टोपलीसारखे वळवतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. या टोपलीला तिथले लोक ‘कुलूरा’ म्हणतात.

अशा जमिनीत जे जगलं, तेच ताटात आलं. पहिला मान फावाचा, म्हणजे त्या पिवळ्या डाळीचा. नावामुळे अनेकांना हा घेवड्याच्या जातीचा दाणा वाटतो, पण सांतोरिनीचा फावा लाथिरस क्लिमेनम नावाच्या कडधान्यापासून होतो. 1967 साली पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी बेटावरच्या अक्रोतिरीला उत्खनन सुरू केलं. राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या कांस्ययुगीन गावात याच कडधान्याचे दाणे सापडले. आपल्या पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत होणारी लाखोळी याच कुळातली, त्याची सख्खी चुलत बहीण म्हणा. लाखोळीवर मात्र कित्येक वर्षं विक्रीबंदीचा शिक्का होता, आणि इकडे फाव्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. एकेकाचं नशीब.

करायची रीत साधी. डाळ कांद्याबरोबर मंद आचेवर शिजवायची, वर येणारा फेस काढत राहायचा, आटली की घोटून ऑलिव्हचं तेल सोडायचं. पिठलं आणि वरण यांच्या मधलं काहीतरी तयार होतं. त्यावर परतलेला कांदा आणि केपरच्या कळ्या घातल्या की तो ‘लग्न झालेला’ फावा. ग्रीकमध्ये हेच नाव आहे. केपरचं झुडूप कड्यांच्या फटींत आपोआप उगवतं, त्याला कुणी पाणी घालत नाही. आषाढी द्वादशीला पारण्याची भाजी होते ती आपली वाघाटी केपरच्याच प्रजातीतली.

टोमॅटोचं प्रकरण त्यामानाने ताजं. तो बेटावर आला एकोणिसाव्या शतकात आणि कोरडवाहू शेतात लहान, जाड सालीचा, गोड-आंबट झाला. पुढे त्याचा लगदा डब्यांत भरून बाहेर पाठवणारे कारखाने समुद्रकाठी उभे राहिले, कारण धुण्यासाठी गोडं पाणी नव्हतं, खारं मात्र हवं तेवढं होतं. व्लिहादाचा नोमिकोस कुटुंबाचा कारखाना 1945 चा. आज तिथे टोमॅटोचं संग्रहालय आहे. भजी म्हणजे ‘तोमातोकेफ्तेदेस’. चिरलेला टोमॅटो, कांदा, पुदिना, आणि टोमॅटोच्याच रसात मावेल तेवढंच पीठ. वेगळं पाणी घालायचं नाही. काठ कुरकुरीत आणि मधे ओलसर राहिलं तर जमलं. मांस परवडत नव्हतं तेव्हाचा हा खोटा ‘केफ्तेस’; खरा केफ्तेस म्हणजे खिम्याचा गोळा.

आता जागांकडे. आवडत्या खाणावळींपैकी बऱ्याच मुळात खाणावळी नव्हत्याच. मऊ प्युमिसमध्ये कोरून काढलेल्या, उन्हाळ्यातही गार राहणाऱ्या वाइनच्या वखारींना ‘कानावा’ म्हणतात. द्राक्षं आधी उन्हात सुकवून केलेली गोड ‘विनसांतो’ वाइन इथून जहाजांनी रशियाला जायची, तिथल्या चर्चमध्ये प्रसादाला. इयाचे कप्तान याच व्यापारावर गब्बर झाले आणि अमूदी त्यांचं बंदर. वाफेच्या बोटी आल्या, शिडांची जहाजं मागे पडली. 1917 च्या क्रांतीनंतर रशियाचं गिऱ्हाईकही गेलं.

उरलासुरला जोर 9 जुलै 1956 च्या पहाटे मोडला. भूकंपात पन्नासहून अधिक माणसं गेली, घरं कोसळली, आणि कितीतरी कुटुंबांनी अथेन्स-पिरेअसचा रस्ता धरला. इयासारखी गावं अर्धी ओस पडली. आज ज्या गुहांतल्या खोल्यांचं भाडं ऐकून डोळे फिरतात, त्यांतल्या कित्येक तेव्हा कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं.

पर्यटक येऊ लागले ते सत्तरच्या दशकापासून, आणि सुरुवातीला त्यांना सगळ्या ग्रीसमध्ये मिळतं तेच वाढलं जाई. गरिबीतलं घरचं खाणं पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटायची. ती मोडायला मोठा हातभार लावला योर्गोस हाजीयान्नाकिस यांनी. 1986 मध्ये फिरा या बेटावरच्या मुख्य गावी सुरू झालेल्या ‘सेलेने’ या आपल्या रेस्टॉरंटमध्ये त्यांनी फावा, पांढरं वांगं, छोटा टोमॅटो असे स्थानिक पदार्थच मध्यभागी आणले. हळूहळू इतरांनीही तेच केलं. कानावांत टेबलं मांडली गेली. द्राक्षं तुडवायच्या दगडी हौदाशेजारी बसून लोक त्याच द्राक्षांची ‘असिर्तिको’ वाइन पिऊ लागले.

भाव वाढला तसं जमिनीचं गणित बिघडलं. जिथे फावा पेरायचे तिथे पोहण्याचे तलाव आले. आता खरा सांतोरिनी फावा साध्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीपेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि पाहुण्यांची भूक भागेल एवढा तो पिकत नाही. म्हणून जाणकार गिऱ्हाईक वेटरला आधी डाळ कुठली ते विचारतं, आणि मग मासळीकडे वळतं.