रॉकेटांची भावकी

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या जुन्या फाउंड्रीत गेलात तर फळीवर रचून ठेवलेले लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा बनवायचे नमुने, दिसतील. इतक्या जुन्या पंपाचा पॅटर्न कशाला जपलाय, असं विचारलं की मिस्त्री म्हणतो, "टाकायचा कशाला? नवी ऑर्डर आली की ह्यालाच थोडं वाढवून घेतो." इस्रोची रॉकेटं समजून घ्यायला मला ह्या एका वाक्याचा फार उपयोग झाला.

एसएलव्ही, एएसएलव्ही, पीएसएलव्ही, जीएसएलव्ही ही नावं पेपरात वाचताना ती चार वेगळी यंत्रं वाटतात. खरं तर ती एक भावकी आहे. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याचा सगळ्यात खालचा टप्पा, म्हणजे एकावर एक रचलेल्या भागांतला पहिला, सुमारे ९ टन घन इंधनाचा होता. तोच पुढे एएसएलव्हीच्या दोन्ही अंगांना बांधला गेला आणि नंतर पीएसएलव्हीभोवती त्याचे सहा भाऊ उभे राहिले. आधी ज्यानं सगळा भार उचलला, तो पुढच्या पिढीत हातभार लावू लागला.

घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हणून उडून सिद्ध झालेल्या भागाचं मोल मोठं. नवा भाग आला की धोका आलाच: एएसएलव्हीची १९८७ आणि १९८८ ची उड्डाणं फसली, पीएसएलव्हीचं सप्टेंबर १९९३ मधलं पहिलं उड्डाणही फसलं. पुढच्याच वर्षी पीएसएलव्ही यशस्वी झालं.

ह्या भावकीतला कर्ता म्हणजे 'विकास' इंजिन. १९७४ च्या करारानुसार आपले इंजिनिअर फ्रान्समध्ये राबले आणि मोबदल्यात तिथल्या 'वायकिंग' इंजिनाचं ज्ञान घेऊन आले. ह्या इंजिनात इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) एकमेकांना भिडले की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही. पीएसएलव्हीत दुसऱ्या टप्प्यात हे एक इंजिन आहे. जीएसएलव्हीत पाच: चार बाजूच्या बूस्टरांत (अंगाला बांधलेल्या मदतनीस रॉकेटांत), एक दुसऱ्या टप्प्यात. एलव्हीएम-३ ह्या त्यानंतरच्या मोठ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात दोन.

पण वारशाबरोबर अडचणीही येतात. जीएसएलव्हीच्या पोटात पीएसएलव्हीचाच घन टप्पा बसवला. तो साधारण १०० सेकंदांत जळून संपतो आणि बाजूचे द्रव बूस्टर १५० सेकंदांपर्यंत चालू राहतात. मधली जवळपास ५० सेकंदं ते रिकामं पोलादी नळकांडं ओझं म्हणून वर न्यावं लागतं. कोऱ्या कागदावर आखणी केली असती तर अशी रचना कुणी केली नसती. तरीही मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण हाताशी होतं ते पारखलेलं होतं.

जीएसएलव्हीत बाहेरून तयार आणलेला भाग एकच, सगळ्यात वरचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारा टप्पा. तो सुरुवातीला रशियाकडून आला. उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन हाताळणारं स्वदेशी इंजिन एप्रिल २०१० मध्ये अपयशी ठरलं आणि ५ जानेवारी २०१४ ला यशस्वी झालं.

एलव्हीएम-३ नं १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ नेलं. आता त्याच रॉकेटच्या मधल्या टप्प्यासाठी केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं नवं इंजिन तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीत, इस्रोच्या चाचणी केंद्रात, चाचणीवर आहे. ते तयार झालं की तिथल्या दोन 'विकास' इंजिनांची जागा ते एकटंच घेईल.