गौणतः

गौणतः : एखादी गोष्ट मुख्य हेतूच्या, कारणाच्या किंवा अर्थाच्या मागून आणि त्याहून कमी महत्त्वाची म्हणून येते, हे दाखवणारे क्रियाविशेषण. इंग्रजीतील ‘सेकंडरिली’ या शब्दासाठी मराठीत ते वापरतात. ‘दुय्यमतः’ आणि ‘आनुषंगिकपणे’ हे त्याचे शेजारी. मुख्यतः, प्रामुख्याने हे विरुद्धार्थी. ‘सेकंडली’ हा इंग्रजी शब्द दिसायला जवळचा असला तरी त्याचे काम निराळे आहे. तो मुद्दे मोजतो : पहिले, दुसरे, तिसरे. दुसरा म्हणून सांगितलेला मुद्दा पहिल्याहून वजनदार असू शकतो. ‘सेकंडरिली’ मात्र मुद्द्यांचे नाते सांगतो, म्हणून त्याचे भाषांतर ‘दुसरे म्हणजे’ असे केले की वाक्याचा तोल जातो.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘सेक्वी’, म्हणजे मागोमाग जाणे, हा धातू आहे. त्यावरून ‘सेकुंदुस’ : पाठोपाठ येणारा, दुसरा. पाठीमागून वाहणाऱ्या, गलबताला पुढे नेणाऱ्या अनुकूल वाऱ्यालाही लॅटिनमध्ये हेच विशेषण लावत. कमीपणाची छटा मुळात नव्हती, ती वापरातून चढली. आपल्याकडचे दोन्ही शब्द वेगळ्या वाटांनी आले. ‘दुय्यम’ फारसीतून आला आणि दप्तरात रुळला; महसुलासाठी जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम (पहिली, दुसरी, तिसरी) अशी लावत, तिथपासून आजच्या दुय्यम निबंधकापर्यंत त्याचा अर्थ हुद्द्याचा, प्रतीचा राहिला. ‘गौण’ हा संस्कृत ‘गुण’ या शब्दापासून झाला. आज गुण म्हटले की चांगुलपणा आठवतो, पण शास्त्रग्रंथांत प्रधानाला धरून राहणारे अंग, म्हणजे अप्रधान, हाही त्याचा अर्थ आहे.

या शब्दांची निवड कशी करावी हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. राजघराणे मराठी, रयत बहुतेक गुजराती, कायद्याचे नमुने इंग्रजी आणि दप्तरी शब्द फारसी, असा गायकवाडी कारभार होता. सयाजीराव गायकवाड तिसरे (कारकीर्द १८७५–१९३९) यांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या परिभाषेचा कोश निघाला. त्यात इंग्रजीसह आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. अशा कामात ‘दुय्यम’ आणि ‘गौण’ यांतला फरक केवळ शैलीचा राहत नाही. दुय्यम अधिकारी म्हणजे हाताखालचा अधिकारी. गौण अधिकारी असे कोणी म्हणत नाही. उलट वाळू, मुरूम, दगड यांना कायद्याच्या भाषेत गौण खनिज म्हणतात, दुय्यम खनिज नव्हे. माणसाला दुय्यम आणि बाबीला गौण, अशी ढोबळ वाटणी मराठीने कोणी न सांगता करून ठेवली आहे.

संकल्पनेची सर्वांत नेमकी मांडणी मात्र संस्कृत व्याकरणात सापडते. पाणिनीच्या ‘चार्थे द्वन्द्वः’ (२.२.२९) या सूत्राच्या विवरणात ‘च’ या अव्ययाचे चार अर्थ सांगतात : समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग आणि समाहार. त्यांपैकी अन्वाचय म्हणजेच आपला विषय. त्याचे परंपरागत उदाहरण ‘भिक्षामट गां चानय’ : भिक्षेला जा आणि गायही घेऊन ये. शिष्याने निघायचे ते भिक्षेसाठी. वाटेत गाय दिसली तर हाकून आणायची. न दिसली तर तिच्या शोधात रानोमाळ हिंडायचे नाही, आणि गाय नाही म्हणून भिक्षाही सोडायची नाही. एकाच ‘आणि’ने जोडलेल्या दोन कामांपैकी एक दुसऱ्याच्या आधाराने उभे आहे. अशा जोडीचा द्वंद्व समास होत नाही, कारण दोघे बरोबरीचे नाहीत. ‘गौणतः’ म्हणजे काय हे सांगायला याहून चांगले वाक्य प्रस्तुत लेखकाला माहीत नाही. व्याकरणाची आणखी एक परिभाषा, म्हणजे नियम कसे लावावेत हे सांगणारे वचन, आहे : गौण आणि मुख्य असे दोन्ही अर्थ संभवत असतील तर कार्य मुख्याला धरून करावे.

बोलीत ‘गौणतः’ जवळजवळ नाहीच. मुख्यतः, विशेषतः, अंशतः हे ‘तः’वाले शब्द घरात शिरले, हा मात्र कागदावरच राहिला. याचे कारण गरज नव्हती असे नाही. गरज दुसऱ्या साधनांनी आधीच भागली होती. बडोद्याच्या रावपुऱ्यात टपालाचे काम आटोपून आलेला माणूस सांगतो, ‘टपालातच गेलो होतो, काकू. जाता जाता मांडवीतून भाजीही आणली.’ ‘च’ने मुख्य काम वेगळे काढले, ‘ही’ने दुसरे त्याला चिकटवले, ‘जाता जाता’ने त्याचा दर्जा सांगितला. संस्कृतातला ‘च’ जोडतो आणि मराठीतला ‘च’ वेगळे काढतो, ही यातली गंमत. गुजरातीत हीच रचना ‘ज’ आणि ‘पण’ यांनी होते : ‘दवा ज लेवा गयो हतो, शाक पण लेतो आव्यो.’ बडोद्याच्या मराठी माणसाला ती शिकावी लागत नाही, कानाला ती ओळखीचीच वाटते. हातासरशी, ओघाने, त्यासोबत हे आणखी काही पर्याय. अग्रक्रम ठणकावून सांगायचा तर ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ हे तानाजीच्या तोंडी परंपरेने आलेले वाक्य आहेच. त्यातला ‘मग’ हा अस्सल मराठी ‘सेकंडरिली’. रायबाचे लग्न बापाला कमी मोलाचे नव्हते, ते फक्त थांबू शकत होते.

म्हणूनच इंग्रजी वाक्य वाचताना ‘कमी महत्त्वाचे’ हा अर्थ सरसकट लावू नये. शास्त्रीय लेखनात हा शब्द पुष्कळदा क्रम किंवा उगम सांगतो. देवमासे ‘सेकंडरिली’ जलचर आहेत, याचा अर्थ ते थोडेसेच जलचर आहेत असा नाही. त्यांचे पूर्वज जमिनीवर चालत आणि पाण्यातले जीवन त्यांनी नंतर स्वीकारले. या संक्रमणकाळातील ‘कच्छीसीटस’ या प्राण्याचे सुमारे ४.५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म गुजरातमधल्याच कच्छात मिळाले आहेत. इथे ‘उत्तरकाळात’ किंवा ‘मागाहून’ हे शब्द ‘गौणतः’पेक्षा खरे. वैद्यकातही तसेच : कांजण्यांचे फोड खाजवल्याने त्यांत जंतू शिरले तर तो दुय्यम संसर्ग, पण दुर्लक्ष केल्यास मूळ आजाराहून तोच त्रासदायक ठरू शकतो. न्यायालयातला दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ दस्तऐवजाच्या जागी दिलेली नक्कल, कायद्याने सांगितलेल्या परिस्थितीतच चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही विभागणी होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. चित्रकलेत नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम रंग, ते दोन मूळ रंगांच्या मिश्रणातून होतात एवढ्यापुरतेच. आणि ‘सेकंडरी’ शाळा तर आपल्याकडे ‘माध्यमिक’ झाली. तिला दुय्यम शाळा म्हटले नाही, हे भाषांतर करणाऱ्यांचे शहाणपण.

मागून येणारे कमी मोलाचे असतेच असे नाही, हे ग्रंथाच्या पानावरही दिसते. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रामायणाची चिकित्सक (हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. तिच्या पानावर वर संपादित संहिता आणि खाली बारीक टाइपात पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांतले वेगळे शब्द, असतात. पान उघडणारा प्रथम संहिता वाचतो, पाठभेद मागून. पण वरची प्रत्येक ओळ खालच्या त्या पाठांना तोलून निवडलेली असते.

या शब्दाचा सर्वांत नाजूक वापर भाषांच्या संदर्भात होतो. बडोद्यात दांडिया बाजार किंवा बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरातले मूल आजीशी मराठी बोलते, खाली उतरल्यावर गुजराती, आणि अनेकदा शिकते इंग्रजीतून. सर्वेक्षणाच्या अर्जात ‘मुख्यतः कोणती भाषा, गौणतः कोणती’ असे विचारले तर त्याला खरे उत्तर देता येत नाही. तीन भाषांच्या तीन जागा आहेत आणि प्रत्येक जागी तीच पहिली. अशा प्रश्नात ‘दुसरी भाषा’ किंवा ‘द्वितीय भाषा’ लिहावे, ‘दुय्यम भाषा’ लिहू नये.