ईमान

ईमान : इस्लाममधील श्रद्धेची संज्ञा. मराठीत ‘इमान’ म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणे. ‘इमानेइतबारे’, ‘बेइमान’ हे शब्द त्याच घरचे. धर्मशास्त्रातील अर्थ मात्र निराळा आहे.

अरबी ‘अ-म-न’ या धातूत निर्धास्तपणा आणि भरवसा या दोन्ही छटा आहेत. ‘अमानत’ व ‘अमीन’ त्यातलेच. धार्मिक अर्थ अरबीतच घडला, की हिब्रू, सिरियॅक वा इथिओपिक भाषांतून आला, याविषयी मतभेद आहेत. धातू अरबी-हिब्रूच्या सेमिटिक कुळातील अनेक भाषांत असल्याने शब्द उसना मानण्याची गरज दिसत नाही; अर्थाला वळण मात्र ज्यू-ख्रिस्ती सहवासात मिळाले असावे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. प्रार्थनेअंती म्हटला जाणारा ‘आमीन’ हिब्रूतून आला, असे सामान्यतः मानतात.

कुराणात (४:१३६) अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित व अंतिम दिवस यांवरील श्रद्धा सांगितली आहे. जिब्रील या फरिश्त्याच्या प्रसिद्ध हदीसमध्ये (प्रेषितांविषयीच्या परंपरागत कथनात) ‘तकदीर’ म्हणजे ईश्वरी नियती ही सहावी बाब येते. वाळवंटातील टोळीवाले ‘आम्ही ईमान आणले’ म्हणाले, तेव्हा ‘तुम्ही फक्त शरण आलात, ईमान अजून तुमच्या हृदयात उतरलेले नाही’ असे त्यांना सुनावले गेले (४९:१४). ईमान व इस्लाम यांतील भेदाची चर्चा बहुधा या आयतीपाशी येतेच.

कृती ईमानचा भाग आहे काय, हा खरा वाद. महापातकी श्रद्धावंत उरतच नाही, असे खारिजी या आरंभीच्या कडव्या पंथाचे म्हणणे. मुअतझिला या बुद्धिवादी पंथाने त्याला श्रद्धावंत व काफिर यांच्या मधली जागा दिली. इराकमधील कूफ्याचे रेशमी कापडाचे व्यापारी इमाम अबू हनीफा (मृ. ७६७) यांच्या मते हृदयाची ग्वाही व जिभेची कबुली एवढे पुरे, ईमान घटत-वाढत नाही. इमाम शाफिई (मृ. ८२०) यांच्या परंपरेत उक्ती व कृती दोन्ही ईमानात मोडतात आणि ते कमी-जास्त होते. कुराणातील ‘आयती ऐकून त्यांचे ईमान वाढते’ (८:२) हा आधार त्यांना सोयीचा पडतो. हनफी, म्हणजे अबू हनीफांचे अनुयायी, त्याचा अर्थ वेगळा लावतात. शियांत इमामतीवरील (प्रेषितांच्या घराण्यातील इमामांच्या नेतृत्वावरील) श्रद्धाही आवश्यक असते.

नाशिक जिल्ह्यात हनफींची संख्या मोठी; कोकणी मुसलमान परंपरेने शाफिई. मकतबातली (धार्मिक शिक्षणाच्या प्राथमिक शाळेतली) मुले ‘आमन्तु बिल्लाहि व मलाइकतिही व कुतुबिही…’ हे ‘ईमान-ए-मुफस्सल’ एका सुरात घोकतात. त्यात वरील सहाही बाबी येतात. मालेगावात ‘मोमिन’ म्हणजे केवळ श्रद्धावंत नव्हे. १८५७ नंतर उत्तरेकडून येऊन हातमागावर, पुढे यंत्रमागावर बसलेल्या विणकर जमातीचेही ते नाव आहे.