मध्यान्ह सायकलफेरी

मध्यान्ह सायकलफेरी : एकाच कार्यालयात, कारखान्यात किंवा संस्थेत काम करणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत एकत्र येऊन, रोडबाइकवर (अरुंद चाकांच्या, हलक्या शर्यती सायकलीवर), शर्यतीच्या वेगाने मारलेली ठरावीक मार्गाची फेरी. सायकलपटूंच्या बोलीत तिला सर्रास ‘लंच राइड’ म्हणतात. ती साधारणपणे ६० ते ९० मिनिटांत आटोपते आणि तेवढ्यात २५ ते ४० किमी. अंतर तोडले जाते. सायकलने कामावर ये-जा करणे, सुट्टीच्या दिवशीची क्लबची फेरी आणि संघटनेच्या मान्यतेने होणारी शर्यत या तिन्हींहून ती वेगळी आहे. तिला पंच नसतो, बक्षीस नसते, निकालही कोठे छापला जात नाही. तरी त्या दिवशी शेवटच्या स्प्रिंटला, म्हणजे ठरलेल्या खुणेपर्यंतच्या जोरकस धावेला, पुढे कोण होते, हे तीनच्या मीटिंगपर्यंत सगळ्या मजल्याला ठाऊक झालेले असते.

या फेरीचे सारे स्वरूप घड्याळाने घडवले आहे. परतण्याची वेळ ठरलेली असल्यामुळे अंतर वाढवता येत नाही. वाढवता येतो तो फक्त वेग. मागे राहिलेल्यासाठी थांबायला सवड नसते, म्हणून जो सुटला तो सुटला. सुट्टीच्या दिवशीच्या फेरीत पंक्चर झाले की सगळे थांबतात. येथे बहुधा एक जण सोबत थांबतो आणि बाकीचे पुढे जातात. तो दुष्टावा मानला जात नाही.

उगम : उगमाविषयी मुख्यतः दोन मते मांडली जातात. पहिले मत ब्रिटनकडे बोट दाखवते. रस्त्यावरील शर्यती सायकलीइतक्याच जुन्या आहेत. पॅरिस ते रूआँ ही १२३ किमी.ची शर्यत ७ नोव्हेंबर १८६९ रोजी झाली आणि जेम्स मूर याने ती जिंकली. ब्रिटनमध्ये मात्र नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन या संघटनेने १८९० च्या सुमारास सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींना मनाई केली. त्यातून तेथे एकट्याने घड्याळाशी झुंजण्याचा प्रकार, म्हणजे टाइम ट्रायल, रुजला आणि तोही पहाटेच्या अंधारात, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने. सर्वांनी एकत्र सुटायची शर्यत पर्सी स्टॅलर्ड या सायकलपटूंनी ७ जून १९४२ रोजी वेल्समधील लँगोलेन ते इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन अशी भरवली, तेव्हा संघटनेने त्यांनाच बाहेर काढले. त्याच वर्षी ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स ही बंडखोर संघटना उभी राहिली आणि १९५९ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. ब्रिटिश क्लबांमध्ये आळीपाळीने पुढे येत वेगाने सायकल मारण्याच्या सरावाला ‘चेनगँग’ म्हणतात. शर्यत या शब्दाचा उच्चार न करता शर्यतच खेळण्याची ही सवय मध्यान्ह फेरीत उतरली, असे या मताचे म्हणणे. इंग्लंड-वेल्समध्ये विनापरवाना शर्यतीत भाग घेणे १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार आजही गुन्हा आहे. ‘ही शर्यत नव्हे, फेरी आहे’ हे वाक्य तेथे केवळ नम्रतेचे नाही.

दुसरे मत अमेरिकेतील सायकल उद्योगाकडे जाते. १९७० नंतर तेथे प्रौढांमध्ये सायकलीची मोठी लाट आली. एकट्या १९७३ मध्ये सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. याच लाटेच्या आसपास नव्या कंपन्या निघाल्या. माइक सिन्यार्ड यांनी स्पेशलाइज्ड ही कंपनी १९७४ मध्ये स्थापन केली, तर ट्रेक ही कंपनी १९७६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील वॉटर्लू येथे सुरू झाली. अशा ठिकाणी नोकरीला येणाऱ्यांत शर्यती खेळलेले बरेच असत, दारात तयार होणारी सायकल असे आणि ती चालवून पाहणे हा कामाचाच भाग असे. स्पेशलाइज्डच्या कॅलिफोर्नियातील मॉर्गन हिल येथील कार्यालयाची दुपारची फेरी सायकलपटूंमध्ये तिच्या कडकपणासाठी प्रसिद्ध आहे. पुढे हीच पद्धत संगणक कंपन्या, प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांच्या आवारांत पसरली, असे मानले जाते.

चेनगँग ही प्रामुख्याने क्लबची आणि संध्याकाळची गोष्ट आहे. तिच्यात सहकारी असण्याला महत्त्व नाही. त्यामुळे वेग आणि शिस्त यांचे मूळ पहिल्या मतात शोधणे योग्य असले, तरी ‘दुपार’ आणि ‘सहकारी’ या दोन लक्षणांचा उलगडा दुसरे मत अधिक चांगला करते. त्यातही एक साधी गोष्ट सहसा नजरेआड राहते. जेथे कार्यालयात शॉवर व कपडे बदलायची खोली आहे, आवाराबाहेर पडताच कमी सिग्नलचा रस्ता आहे आणि शर्यत खेळलेले दोघे-तिघे आहेत, तेथे ही फेरी कोणाचे अनुकरण न करताही आपोआप सुरू होते. एकच जन्मस्थान शोधण्याचा आग्रह म्हणूनच फारसा फलदायी नाही.

वारा आणि आडोसा : या फेरीचे यंत्र समजण्यासाठी हवेच्या रोधाचा विचार अटळ आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाला सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते आणि ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पुढच्या चाकामागे आपले चाक धरले की पुढच्याचा आडोसा मिळतो. याला ड्राफ्टिंग म्हणतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत ताशी ४० किमी. वेगाला एका स्वाराच्या मागे राहणाऱ्याचा प्राणवायूचा खर्च सुमारे २७ टक्क्यांनी, तर आठ जणांच्या मागे राहणाऱ्याचा सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळला. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या दाट जथ्याचा अभ्यास केला. त्यात आतल्या-मागच्या जागांवर हवेचा रोध एकट्या स्वाराच्या तुलनेत ५ ते १० टक्क्यांपर्यंत खाली आल्याचे दिसले. दुपारच्या फेरीतील दहा-पंधरा जणांच्या गटाला हा दुसरा आकडा लावणे बरोबर नाही. पहिला जवळचा आहे.

एक उदाहरण घेऊ. सायकलसह ८० किग्रॅ. वजन, रोधाचे परिणामी क्षेत्रफळ (स्वार हवेला किती अडतो याचे माप) ०.३२ चौ.मी., रस्ता सपाट, वारा पडलेला. असा स्वार एकट्याने ताशी ३५ किमी. जाताना साधारण २१८ वॉट शक्ती लावतो. गटात आडोशामुळे रोध ३० टक्क्यांनी घटला असे धरले, तर तेवढ्याच शक्तीत तो ताशी ३९ किमी. जातो. आता पुढच्याचे चाक हातभर निसटले, मग सायकलभर निसटले आणि आडोसा संपला असे समजू. तोच ३९ चा वेग राखायला त्याला सुमारे २९० वॉट लागतील. म्हणजे आधीच दमलेल्या माणसाला एकाएकी तिसऱ्या हिश्शाने अधिक जोर काढावा लागतो, आणि तो त्याच्याकडे नसतो म्हणूनच तर चाक निसटलेले असते. गटातून सुटणे हळूहळू घडत नाही, ते एका वळणावर किंवा एका पुलाच्या चढावर दहा सेकंदांत घडते. त्याचे कारण या गणितात आहे.

यावरूनच फेरीची शिस्त ठरते. दोन समांतर रांगा करून एक किंचित वेगाने पुढे आणि दुसरी किंचित मंदपणे मागे सरकते. पुढे आलेला स्वार काही सेकंद वारा अंगावर घेऊन बाजूच्या रांगेत उतरतो. पुढे आल्यावर वेग वाढवणे ही नवशिक्याची चूक. त्याला वाटते आपण जोर दाखवला. प्रत्यक्षात मागे नुकताच उतरलेला थकलेला माणूस त्याने तोडलेला असतो. वारा बाजूने असला की रांग तिरकी होते. रस्त्याची रुंदी संपली की मागच्यांना आडोसाच उरत नाही आणि ते कडेच्या पट्ट्यावर एकामागे एक लटकतात. वाहत्या रस्त्यावर लेन ओलांडून अशी तिरकी रांग करणे धोक्याचे आहे, ते टाळावेच.

फेरीचा क्रम : निघायला पाच मिनिटे राहिली की जिन्यावर क्लीटचा, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या तळाच्या पट्टीचा, खटखट आवाज सुरू होतो. पहिली पाच-दहा मिनिटे वेग मुद्दाम कमी ठेवतात, कारण खुर्चीवर तीन-चार तास बसलेले पाय लगेच उघडत नाहीत. ठरलेल्या खुणेपासून, म्हणजे शेवटच्या सिग्नलपासून किंवा एखाद्या पुलापासून, वेग सुटतो. मधला एक चढ आणि गावाच्या पाटीपर्यंतचा किंवा तशाच एखाद्या खुणेपर्यंतचा स्प्रिंट ही मोक्याची ठिकाणे. त्यानंतर सगळे एकत्र होऊन गप्पा मारत परततात. या परतीच्या दहा मिनिटांत पुष्कळदा कामाचे अडलेले प्रश्न सुटतात.

गटात कार्यालयातील पदे चालत नाहीत. विभागप्रमुख प्रशिक्षणार्थीचे चाक धरून हाशहुश करीत असतो आणि ‘साहेब, चाक सोडू नका’ हे त्याला मोकळेपणाने ऐकवले जाते. ही समता खरी आहे, पण पूर्ण नाही. मीटिंग दुपारी कोणी लावायची हे अजूनही साहेबच ठरवतात, आणि ज्याची सुट्टी अर्ध्या तासाची आहे, तो माणूस या फेरीत कधीच दिसत नाही. घड्याळ-पंच करणाऱ्या कामगारांपेक्षा वेळेची मुभा असलेल्या नोकरदारांत हा प्रकार अधिक का आढळतो, याचे उत्तर तेथे आहे.

शरीरक्रिया व सराव : शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि दुपार उलटल्यावर ते शिखर गाठते, स्नायूंचा जोरही बहुधा त्याच्याबरोबर चढतो. त्यामुळे पहाटेपेक्षा दुपार तीव्र कसरतीला अनुकूल. तासभराच्या फेरीला स्नायूंतील ग्लायकोजनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा पुरतो. जेवण आधी दोन-तीन तास किंवा मग परतल्यावर घ्यावे. भर उन्हात ताशी एक लिटर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो, म्हणून पाणी मात्र सोबत हवेच.

प्रशिक्षकांचा या फेरीवरील आक्षेप जुना आहे आणि तो रास्त आहे. व्यायामशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी दाखवून दिले की, सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडू आपल्या सरावाचा सुमारे ८० टक्के भाग सौम्य तीव्रतेत करतात. आठवड्यातून चार दिवस दुपारी जिवाच्या आकांताने पळणारा याच्या नेमके उलट करतो. तो रोज दमतो आणि कोणत्याच दिवशी पुरता ताजा नसतो. दोन दिवस फेरी, बाकीचे दिवस एकट्याने आरामात, ही तडजोड अनुभवी मंडळी पाळतात. तरीही दुसऱ्याच्या मर्जीने बदलणाऱ्या वेगाला उत्तर देणे, दमलेले असताना चाक न सोडणे आणि हल्ला, म्हणजे गट तोडून निसटण्याचा एकाएकी मारलेला जोर, कोणत्या क्षणी होणार हे पुढच्याच्या खांद्यांवरून ओळखणे या गोष्टी एकट्याच्या सरावात येत नाहीत.

मोजमापाची साधने : उलरिख शोबरर यांनी १९८६ मध्ये सायकलवरील पॉवरमीटर, म्हणजे स्वार किती वॉट शक्ती लावतो ते मोजणारे यंत्र, आणला. स्ट्रावा हे २००९ मध्ये सुरू झालेले अ‍ॅप रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरील वेळांची क्रमवारी लावते. त्यामुळे एरवी विरून जाणारी दुपार कायमची नोंदली जाऊ लागली. जीपीएसमध्ये काही मीटरची चूक राहते, म्हणून चाकाला चाक लावून संपलेल्या स्प्रिंटचा निर्णय त्यावरून करता येत नाही. तो डोळ्यांनी पाहिलेलाच धरावा लागतो.

धोके : ताशी ४० किमी. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डोळ्याने पाहून हात ब्रेकवर जायला सेकंदाचा पाचवा हिस्सा धरला, तरी तेवढ्यात दोन मीटरहून अधिक अंतर जाते, आणि पुढच्या चाकापासूनचे अंतर त्याहून पुष्कळ कमी असते. म्हणून पुढच्याने खड्डा, काच, थांबलेली गाडी हाताने व आवाजाने दाखवणे हे सौजन्य नसून बंधन आहे. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी नेऊ नये. तो जरा सरकला की पडतो तो मागचा, आणि त्याच्यामागचे त्याच्यावर. सिग्नल तोडून गट टिकवणारी फेरी फार काळ टिकत नाही.

प्रवेश : बहुतेक ठिकाणी लेखी नियम नसतात. नवा माणूस पहिल्या आठवड्यात चढाआधीच सुटतो, दुसऱ्या महिन्यात चढावर सुटतो, आणि ज्या दिवशी तो स्प्रिंटच्या खुणेपर्यंत गटात राहतो, त्या दिवसापासून त्याला वेळ बदलल्याचा निरोप न विसरता दिला जातो. नोकरी सोडून गेलेल्यांना मज्जाव नसतो. निवृत्त सहकारी बाराच्या ठोक्याला फाटकाबाहेर सायकल टेकून उभा असतो. त्याला आत यायचा पास लागतो, फेरीला लागत नाही.